तुम्ही विचारलंत म्हणून: ही तलवार इतकी हलकी कशी?

पंधराव्या शतकातील जर्मन धर्तीची माझ्याकडची दुहाती तलवार, म्हणजे लाँगसोर्ड, पाहुणे हातात घेतात आणि हमखास विचारतात, "इतकी हलकी? खोटी आहे का?" ती प्रतिकृती आहे हे खरेच, परंतु अस्सल लाँगसोर्डही बहुधा सव्वा ते दीड किलोच्याच असत, आणि माझी १ किलो ४०० ग्रॅम भरते.

माझी पहिली प्रतिकृती मात्र दोन किलोंच्या वर होती. लांबी, रुंदी, परजेचा (मूठ आणि पाते यांमधल्या आडव्या दांडीचा) आकार, सारे छायाचित्राबरहुकूम होते. चुकले होते ते छायाचित्रात न दिसणारे माप, म्हणजे जाडी. एकसारख्या जाडीच्या पोलादी पट्टीतून आकार कापून केवळ कडा घासल्यामुळे ते पाते परजेपाशी जेवढे जाड होते, तेवढेच टोकाशीही राहिले होते. जुने पाते परजेपाशी सहा-सात मिलिमीटर असले, तर टोकाकडे दोन-तीन मिलिमीटरवर येते, आणि ही उतरण प्रत्येक तलवारीत निराळी असते. म्हणून संग्रहालयातील मूळ पाते ठिकठिकाणी मोजण्याला पर्याय नाही. स्वीडनचे पीटर जॉन्सन यांनी हे काम चिकाटीने केले आहे, आणि त्यांनी आखलेल्या तलवारी अमेरिकेतील अल्बियन ही कंपनी घडवते.

खरी कसोटी पाणी देताना लागते (हे 'पाणी' बहुधा तेल असते). सुमारे ८५० अंशांपर्यंत तापवलेले पाते तेलात बुडवले की पोलाद कठीण, पण ठिसूळ होते; मग पुन्हा बेताची उष्णता दिल्यावर त्यात वाकून सरळ होण्याची लवचिकता येते. पातळ पाते या वेळी सहज पिळवटते, म्हणून कारागीर ते आधी थोडे जाड ठेवतात आणि नंतर, तापू न देता, अंतिम मापाला घासतात. पैसे लागतात ते याच घासण्याला.

मुठीचे काम त्यामानाने सोपे: लाकडावर दोरा, त्यावर चामडे. मुठीच्या मागच्या टोकावरील गोळ्यातून बाहेर आलेले पात्याचे शेपूट (मुठीच्या आतून जाणारा अरुंद भाग) ठोकून पसरवले की तलवार एकसंध होते. स्वस्त प्रतींमध्ये तेथे नट असतो, आणि तो सैल होतो.

पहिली तलवार मी टाकलेली नाही. हल्ली पाहुण्यांच्या हाती आधी तीच देतो, आणि तिला अजून कोणी खोटी म्हटलेले नाही.