सायक्लॉइडची लांबी आणि गायब झालेला पाय

पॅरामेट्रिक कर्व्हच्या (म्हणजे ज्याचे एक्स आणि वाय दोन्ही टी वरून ठरतात अशा वक्राच्या) आर्क लेंथचा, म्हणजे लांबीचा फॉर्म्युला पाठ करायची खरं तर गरजच नाही. टी म्हणजे वेळ धरा आणि कर्व्ह म्हणजे एका बिंदूचा प्रवास. एक्सचा डेरिव्हेटिव्ह हा आडवा वेग, वायचा उभा वेग, दोघांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की पायथागोरसने बिंदूचा खरा वेग मिळतो, आणि वेग गुणिले वेळ म्हणजे अंतर, फक्त हा वेग सारखा बदलतो म्हणून गुणाकाराच्या जागी इंटिग्रेशन. झालं.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण सायक्लॉइडचं. सरळ रेषेत गडगडत जाणाऱ्या चाकाच्या कडेवर एक ठिपका काढा, तो जो मार्ग आखतो तो सायक्लॉइड. एक्स = आर(टी − साइन टी), वाय = आर(१ − कॉस टी), आर म्हणजे चाकाची त्रिज्या. डेरिव्हेटिव्ह येतात आर(१ − कॉस टी) आणि आर साइन टी, वर्ग करून बेरीज केली की उरतं २ आर वर्ग (१ − कॉस टी). इथेच बरेच जण पेन खाली ठेवतात, कारण याचं वर्गमूळ काही निघेलसं दिसत नाही. पण १ − कॉस टी म्हणजेच साइन(टी/२) च्या वर्गाची दुप्पट! मग वर्गमूळ अलगद सुटतं, २ आर साइन(टी/२), ० ते २ पाय (π) इंटिग्रेट करा, उत्तर ८ आर. चाक गोल, एका फेरीत पुढे सरकतं २ पाय आर, आणि ठिपक्याच्या मार्गात पाय औषधालाही नाही, बरोब्बर आठ त्रिज्या. किती सुंदर आहे हे! ख्रिस्तोफर रेनने १६५८ मध्येच ही लांबी काढली होती, न्यूटन-लायब्निझचं कॅल्क्युलस यायच्या आधी.

एक मात्र सांभाळा. वर्गमूळ काढलं की मॉड लावायचाच, म्हणजे उणे चिन्ह असेल तर ते काढून टाकायचं. ० ते २ पायमध्ये साइन(टी/२) निगेटिव्ह होत नाही म्हणून चालून जातं, पण चाकाच्या दोन फेऱ्या घेऊन ४ पायपर्यंत गेलात आणि मॉड लावायचा राहिला तर दुसरी कमान पहिलीला खाऊन टाकते, लांबी येते चक्क शून्य. खरं उत्तर १६ आर.

बाकी असं सुटणारं वर्गमूळ नशिबानेच मिळतं. साधा एलिप्स घ्या, २ कॉस टी आणि साइन टी, दिसायला सायक्लॉइडपेक्षा सोपा, पण त्याचं इंटिग्रल नेहमीच्या फंक्शन्समध्ये लिहिताच येत नाही, तिथे सरळ सिम्पसन रूल (इंटिग्रलची अंदाजे किंमत आकड्यांनी काढायची पद्धत) लावायचा, परिमिती साधारण ९.६९ येते.