घरात कुणी नाही

मिरजेला आमच्या घराची कडी वाजली की आई आतूनच ओरडायची, "घरात कुणी नाही!" त्या वेळी घरात आजी असायची, आत्या असायची, आम्ही दोघी बहिणी भातुकली मांडून बसलेल्या असायचो आणि ओरडणारी आई तर असायचीच. पण बाबा कामावर गेले की घरात कुणी नसायचं. वीजबिलवाला, वर्गणीवाला, शिरगणतीवाला, सगळ्यांना एवढं उत्तर पुरायचं. ते मुकाट्यानं परत जायचे. कॉलेजात गेल्यावर मी या वाक्यावरून आईशी कडाकडा भांडले होते. "मग तू कोण आहेस गं?" वगैरे. आईनं शांतपणे भाजी निवडत सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या कडीला पुन्हा तेच ओरडली.

मी मात्र ते वाक्य टाकलं. त्याचं फळ असं की पन्नाशीला टेकल्यावर इंग्लंडच्या कोर्टात माझ्यावर खटला झाला.

गुन्हा काय, तर टीव्ही बघितला. म्हणजे लायसन न भरता बघितला. इथे टीव्ही बघायचा तर घरटी वर्षाचं लायसन लागतं. तेव्हा ते १५९ पौंड होतं. पैसे बीबीसीला जातात, म्हणून तर बीबीसीवर साबण-शांपूच्या जाहिराती दिसत नाहीत. आम्ही अकरा वर्षं इमानेइतबारे भरत होतो, म्हणजे बँकेतून दरमहा आपोआप जात होते. मग आमच्या रेडिंग गावातलाच फ्लॅट विकून गावाच्या दुसऱ्या टोकाला घर घेतलं. एका रविवारी नवऱ्यानं बैठक मारून जुन्या पत्त्याची सगळी डायरेक्ट डेबिट बंद केली. वीज, पाणी, गॅस आणि त्यांच्याबरोबर हेही. लायसनवर नाव आपलं असलं तरी ते पत्त्याला चिकटलेलं असतं, घर बदललं की कळवावं लागतं. मी कळवलं असेल असं त्याला वाटलं, त्यानं कळवलं असेल असं मला. संसार बराचसा याच तत्त्वावर चालतो, पण कधी कधी अडतो.

पत्रं येत होती, नाही असं नाही. पण त्यावर नाव नसायचं. 'द लीगल ऑक्युपायर', म्हणजे कायदेशीर रहिवासी, एवढंच. पहिली पत्रं गोडीगुलाबीची, नंतरची लाल अक्षरांतली. ती आम्ही पिझ्झाच्या पत्रकांबरोबर ठेवत गेलो. ज्या पत्राला माणसाचं नावच नाही ते उघडायचं कुणी?

तो फेब्रुवारी महिना होता. आई मिरजेहून चार महिन्यांसाठी आलेली. हिवाळ्यात इथलं घड्याळ भारताच्या साडेपाच तास मागे असतं, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी सातची मालिका लागते तेव्हा इथे दुपारचा दीड. जेवणं उरकून, शाल पांघरून, आई इंटरनेटवरून मराठी चॅनेल लावून बसायची. सासू सुनेच्या पर्समध्ये चिठ्ठी टाकत होती, तेवढ्यात बेल वाजली.

दारात एक पोरगेलासा माणूस, गळ्यात लायसनवाल्यांचं ओळखपत्र, अंगावर पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी पडतंय. दारातून परत पाठवायचा हक्क मला होता, वॉरंटशिवाय त्याला आत येता येत नाही, हे मला पुढे कळलं. पण तेव्हा कळलं असतं तरी काय केलं असतं? भिजलेल्या माणसाला उंबऱ्यावर उभं ठेवायचं? "आत या," म्हटलं. तो आला, बूट पुसले, टीव्हीकडे बघितलं, चिठ्ठी वाचणाऱ्या सुनेकडे बघितलं आणि अतिशय नम्रपणे मला ताकीद दिली: तुम्ही काही बोललंच पाहिजे असं नाही, पण आत्ता विचारल्यावर जे सांगणार नाही त्यावर पुढे कोर्टात भिस्त ठेवलीत तर तुमच्याच बचावाला बाधा येऊ शकते, आणि जे बोलाल ते पुरावा म्हणून देता येईल.

हे शब्द मला तोंडपाठ होते. इंग्रजी डिटेक्टिव्ह मालिका बघून बघूनच तर ते पाठ झालेले, लायसन भरत होते त्या काळात. त्यानं विचारलं ते सगळं मी खरं सांगितलं आणि कागदावर सही केली. चहा नको म्हणाला. आईनं दिलेला बेसनाचा लाडू मात्र कागदी रुमालात बांधून घेऊन गेला.

तो गेल्यावर आईनं उलटतपासणी घेतली.

"आपण ते बीबीसी बघतो का?"

"नाही."

"मग आपली सिरियल बघायची आणि पैसे त्यांना द्यायचे?"

हो. कायदा तसाच आहे. चॅनेल कुठलंही असो, कुठल्याही देशाचं असो, टीव्हीवर असो की फोनवर, कार्यक्रम लागलेला असताना थेट बघितला की लायसन हवं. नंतर सवडीनं दुसरीकडे तोच भाग बघितला तर नको. अपवाद आयप्लेअरचा, म्हणजे बीबीसीचे कार्यक्रम इंटरनेटवर बघायच्या सोयीचा, २०१६च्या सप्टेंबरपासून तिथलं शिळंपाकंही लायसनशिवाय चालत नाही. आईला हे पटलं नाही, पण तिनं लगेच काटकसरीचे मार्ग शोधले. ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीचं लायसन तेव्हा ५३ पौंड ५० पेन्सचं होतं, हे कळल्यावर म्हणाली, "अगं मग तेच घे. मला मोतीबिंदूनंतरही रंग धड कळत नाहीत." पंचाहत्तरीपुढच्यांना पूर्वी लायसन माफ होतं, २०२०च्या ऑगस्टपासून ज्यांना पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या म्हाताऱ्यांचा सरकारी भत्ता, मिळतो त्यांनाच माफ, हे सांगितल्यावर तिनं बीबीसीबद्दल जे उद्गार काढले ते पुराव्यात न आलेलेच बरे.

मग तिला बाबांचं पुस्तक आठवलं. आमच्याकडे मर्फीचा रेडिओ होता, वर क्रोशाचं झाकण, आणि त्याच्यामागे रेडिओच्या लायसनचं पुस्तक. वर्षाला १५ रुपये. टीव्हीला ५०, पण टीव्ही आमच्याकडे नव्हता. बाबा पोस्टात जाऊन पैसे भरायचे, शिक्का बसला की नाही ते चष्मा वर करून तपासायचे. बाबांना इन्स्पेक्टरची धास्ती भारी. तो कधीच आला नाही, आला असता तर आईचं वाक्य होतंच.

मूळ खूळ इंग्रजांचंच. त्यांच्याकडे १९२२ला रेडिओचं लायसन निघालं, १० शिलिंगांचं. मुंबईत १९२७ला रेडिओ केंद्र सुरू झालं तेव्हा आपल्याकडे १० रुपये. ती कंपनी तीन वर्षांत बुडाली, लायसन मात्र तरंगत राहिलं. पुढे १९३३च्या कायद्यानं बिनपरवाना सेट बाळगणं हा गुन्हाच झाला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आपल्या सरकारनं हे सगळं मोडीत काढलं. साहेबानं दिलेल्या किती गोष्टी आपण आजही उराशी धरून बसलोय, आणि ही एक सोडली तर नेमकी तीच शोधत मी रेडिंगला आले.

त्याच संध्याकाळी नवं लायसन काढलं. वाटलं, मिटलं. आई परत गेली, उन्हाळा आला, आणि जुलैत जाड लिफाफा आला. या वेळी कायदेशीर रहिवासी गायब. माझं नाव, मधल्या नावासकट, एकही स्पेलिंग न चुकता.

मंडळातल्या मैत्रिणींनी सल्ल्यांचा पाऊस पाडला. एक म्हणाली, सही कशाला केलीस? दुसरी म्हणाली, आम्ही दारच उघडत नाही. तिसरीला डिटेक्टर व्हॅनची काळजी, ती गल्लीतून फिरते आणि भिंतीपलीकडचा टीव्ही ओळखते म्हणे. (अशा गाड्या १९५२ला निघाल्या खऱ्या. मला पकडायला गाडी लागली नाही, बेल पुरली.) नवरा मात्र हळहळला. "माझ्यामुळे झालं, नाव माझं हवं होतं," म्हणाला. बरोबर होतं त्याचं, पण तो दुपारी ऑफिसात होता.

मग मी जरा वाचत गेले. लायसनच्या खटल्यांत दोषी ठरणाऱ्यांत साधारण चारांत तीन बायका असतात. बायका टीव्ही जास्त बघतात किंवा पैसे बुडवतात म्हणून नव्हे. तपासनीस येतो तेव्हा घरात त्या असतात, दार त्या उघडतात, विचारलं तर उत्तर देतात. टीव्ही घराचा, चूक घराची, गुन्हा मात्र दार उघडणारीचा. आईचं वाक्य मला पहिल्यांदाच जरा वेगळं ऐकू आलं. आम्हाला शिकवताना ती त्याला मागासलेपण म्हणत नव्हती, खबरदारी म्हणत होती. तरी ते मला पूर्ण पटलंय असं नाही.

कोर्टात साडी नेसून जावं की पँट घालावी यावर माझं दोन दिवस मंथन चाललं. ते वाया गेलं. पूर्वी समन्स यायचं, तारखेला हजर व्हावं लागायचं. २०१५पासून अशा खटल्यांसाठी 'सिंगल जस्टिस प्रोसिजर' आहे. एकच मॅजिस्ट्रेट, तोही बहुधा बिनपगारी हौसेनं हे काम करणारा, कायदा सांगायला एक सल्लागार आणि पुढ्यात कागद. ना वकील, ना आरोपी, ना प्रेक्षक. म्हणजे कोर्टातसुद्धा कुणी नाही.

उत्तराला २१ दिवस होते. 'गुन्हा कबूल' या चौकटीत खूण केली. कमाई विचारली होती ती लिहिली, लायब्ररीत आठवड्याला तीन सकाळी काम करते. आणखी काही सांगायचंय का, या रिकाम्या जागेत घर बदलल्याचं, डायरेक्ट डेबिटचं, नवं लायसन काढल्याचं लिहिलं. लाडूचं लिहिणार होते, नवऱ्यानं खोडायला लावलं, लाच वाटेल म्हणाला. नागरिकत्व आदल्या वर्षीच झालेलं होतं हे नशीब. त्या अर्जात कधी दोषी ठरलात का, असं सरळ विचारतात आणि मिरजेच्या मुलीला तिथे 'हो, टीव्ही बघितला' लिहिणं जड गेलं असतं.

दंड जास्तीत जास्त १,००० पौंड होऊ शकतो. मला तेवढा झाला नाही. कबुलीची सूट मिळाली, तरी खर्च आणि 'व्हिक्टिम सरचार्ज' धरून लायसनपेक्षा जास्तच गेले. हा सरचार्ज दंडाच्या ४० टक्के असतो, गुन्ह्याला बळी पडलेल्यांच्या मदतीसाठी. माझ्या गुन्ह्याला बळी कोण पडलं, याचा मी बराच विचार केला. सुनेचीच आठवण आली, पण तिचं शेवटी चांगलं झालं.

यंदा आई पुन्हा आली. लायसन माझ्या नावावर आहे, फ्रिजवर गणपतीच्या लोहचुंबकाखाली लावलंय. परवा दुपारी मी वर न्हाणीघरात होते आणि बेल वाजली. आई उठली, दाराशी गेली, पत्रांच्या फटीचं झाकण उचललं आणि त्यातून खणखणीत आवाजात ओरडली, "घरात कुणी नाही!"

बाहेर क्षणभर शांतता. मग पावलं गेली. मी केस पुसत खाली आले तर पायपुसण्यावर पोस्टमनचं कार्ड पडलं होतं: पार्सल घेऊन आलो होतो, घरी कुणी नव्हतं.