अजून तिथंच?

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या खेड्यात मी अजून का राहतोय, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. टोरांटोच्या गणपतीत विचारलंत, कॅल्गरीच्या दिवाळीत विचारलंत. अकोल्याला पंगतीत वाढणाऱ्यानं वरणाचा डाव तसाच अधांतरी धरून विचारलं, "अजून तिथंच?" दरवेळी "बघू, पुढच्या वर्षी" म्हणून मी सुटका करून घेतो. अशी बारा पुढची वर्षं झाली.

थंडीचं, एकटेपणाचं, कढीपत्त्याचं तुम्हाला ठाऊक आहे, ते सोडतो. "पण तिथं आहे तरी काय?" हे मात्र मला लागतं. स्विफ्ट करंट शहराच्या आग्नेयेला तासाभरावर तीनेकशे माणसांचं गाव. एक को-ऑप म्हणजे सहकारी दुकान, पोस्ट, कर्लिंग या बर्फावरच्या खेळाचं मैदान, आणि रंग उडालेलं एक लाकडी एलेव्हेटर, म्हणजे धान्याचं उंच कोठार. शाळेला पोरं दुसऱ्या गावी जातात. 2017च्या मेअखेर सरकारी बससेवाही बंद पडली, तेव्हापासून ज्याला गाडी नाही त्यानं शेजारी चांगला ठेवायचा.

गाव ओस पडतंय हे मला सांगू नका. ते माझ्या जन्माच्या आधीपासून ओस पडतंय. 1931मध्ये सस्कॅचेवान लोकसंख्येत कॅनडातला तिसरा प्रांत होता, हे इथल्या कुणालाच खरं वाटत नाही. घोडागाडीनं धान्य घालून त्याच दिवशी घरी परतता यावं म्हणून रेल्वेवर दर आठ-दहा मैलांना एक गाव बसवलं होतं. मोटारी आल्या, रस्ते झाले, आणि एवढी गावं कशाला याला उत्तर उरलं नाही. 1995मध्ये धान्याच्या रेल्वेभाड्यावरचं अनुदान गेलं, मग फाट्यांचे रूळ उखडले, लाकडी कोठारं पाडली गेली. आता इथली सरासरी शेती पावणेदोन हजार एकरांच्या आसपास आहे. आमच्या घरी सात एकर. एवढ्या शेताला माणसं किती लागणार?

आल्या आल्या मी सगळ्यांना एक गोष्ट रंगवून सांगायचो: 1872च्या कायद्यानं दहा डॉलर फी भरली की 160 एकर! तीन वर्षं राहा, जमीन मोडा, घर बांधा, सातबारा तुमचा. ती जमीन रिकामी नव्हती हे सांगायला मी विसरायचो. 1874मध्ये सरकारनं इथल्या मूळच्या लोकांशी चौथा करार केला, क्री, सोटो, असिनिबॉइन लोक राखीव तुकड्यांवर लोटले गेले, तेव्हा ती 'रिकामी' झाली. आणि त्याच्याही आधी पॅलिसर नावाचा माणूस इथं फिरून हा पट्टा शेतीला नालायक आहे असं लिहून गेला होता. तिसाच्या दशकात माती उडाली तेव्हा तो खरा ठरला. मग ओल्या वर्षांत खोटा. सध्या काय, ते कोणत्या वर्षी विचारता त्यावर आहे.

आता ते, जे मी पंगतीत सांगत नाही.

मी मसूर साफ करण्याच्या प्लँटवर प्रतवारी करतो. ट्रक आला की नमुना काढायचा, ओलावा बघायचा, चाळायचा, मग पांढऱ्या ट्रेमध्ये पसरून डागी, सुरकुतलेले, फुटके दाणे चिमट्यानं वेगळे करून त्यांचं वजन करायचं. आजी सुपात हेच करायची, तिला पगार नव्हता. कॅनडातली दहातली नऊ मसूर याच प्रांतात पिकते आणि भारत तिचं मोठं गिऱ्हाईक. त्यामुळे गावात माझा एक वेगळाच भाव होता. "भारत यंदा काय करेल?" असं मला विचारायचे. जसा काही भारत माझा मामा.

2017च्या ऑक्टोबरात शेजारच्या म्हाताऱ्यांनी हेच विचारलं. वय एकाहत्तर. माझ्या पहिल्या हिवाळ्यात गाडी चरात गेली तेव्हा ट्रॅक्टर आणून ओढून काढली होती त्यांनी, आणि त्यावर पुन्हा एक शब्द नाही. त्यांची दोन बिनं, म्हणजे धान्याच्या टाक्या, लाल मसुरीनं भरलेली होती. प्लँटवरची पातळ कॉफी घेत म्हणाले, "विकू की थांबू?"

मला काय काय माहीत होतं ते ऐका. त्याच एप्रिलात माझा भाऊ तूर घेऊन खरेदी केंद्रावर चार दिवस ट्रॉलीत झोपला होता. बारदाना संपला होता. 5,050चा हमीभाव कागदावर राहिला आणि शेवटी त्यानं ती व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात घातली. फोनवर म्हणाला होता, "तुमची मसूर इकडं येते, मंग आमच्या तुरीले कोण इचारते?" मी त्याला मसूर वेगळी, तूर वेगळी असं अर्थशास्त्र शिकवलं होतं. देशात डाळ उतू चाललीय, सरकार काहीतरी करणार, हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं.

एवढं माहीत असून मी म्हणालो, "थांबा. दिवाळीनंतर मागणी येईल."

का म्हणालो? आदल्या वर्षीचे भाव डोक्यात होते, हे एक. दुसरं, मला कुणी विचारतंय हे फार आवडत होतं. दुसरं जास्त खरं आहे.

8 नोव्हेंबरला पिवळ्या वाटाण्यावर 50 टक्के आयातशुल्क लागलं. मी म्हणालो, तो वाटाणा आहे, बेसनात भेसळ होतो, मसुरीचं तसं नाही. 21 डिसेंबरला हरभरा आणि मसूर, 30 टक्के.

दुसऱ्या दिवशी ते प्लँटवर आले. हातात त्यांच्या बायकोनं नाताळाला केलेल्या बिस्किटांचा डबा, दरवर्षीसारखाच. रेडिओवर ऐकलं होतं. मी काहीतरी पुटपुटायला लागलो तर मध्येच म्हणाले, "तुझ्या भावाला आता भाव मिळेल ना?"

हे वाक्य मी आठ वर्षं उलटसुलट करून पाहिलंय, ट्रेमधल्या दाण्यासारखं. टोमणा सापडत नाही. सापडला असता तर बरं झालं असतं.

मी "हो" म्हणालो. तेही खोटंच. नव्या हंगामात हमीभाव 5,450 झाला आणि बाजारात तूर पुन्हा त्याच्या खालीच विकली गेली.

मसूर त्यांनी पुढच्या वर्षी काढली, पडेल भावात. त्यापुढच्या एप्रिलात, बर्फ वितळल्यावर, त्यांच्या आवारात अवजारांचा लिलाव झाला. कंबाइन, पेरणीयंत्र, ट्रक रांगेत उभे. शेडमध्ये बायकांनी 'पाय' (pie) आणि सूप मांडलेलं. लिलाववाल्याचं तोंड शेंगा फोडल्यासारखं चाललेलं. म्हातारे खिशात हात घालून हसत हसत सगळ्यांशी बोलत होते. शेवटी गवताच्या गाड्यावर ठेवलेला किरकोळ माल निघाला आणि मी नटबोल्टांनी भरलेला एक कॉफीचा डबा पाच डॉलरला घेतला. माझ्याकडे ट्रॅक्टर नाही. डबा अजून गॅरेजमध्ये आहे.

गावातले म्हणतात, त्यांचे गुडघे गेले होते, मुलगा एडमंटनला, ते तसेही थांबणारच होते. त्यांची बायकोही तेच म्हणते. बहुतेक दिवस मीही म्हणतो. 2021मध्ये दिल्लीनं मसुरीवरचं मूळ शुल्क शून्यावर आणलं, आणि त्याच उन्हाळ्यात इथं असा दुष्काळ पडला की विकायला मसूरच नव्हती.

म्हणजे अपराधीपणामुळे राहिलास, असं तुम्ही म्हणाल. नाही. लिलावानंतर सहा महिन्यांत कॅल्गरीची नोकरी चालून आली होती आणि मी ती नाकारली ती घर फिटलं होतं म्हणून. असं मी तेव्हा सांगितलं. पहिल्या हिवाळ्यात मित्रांना लिहिलेली मेल परवा सापडली: "दोन वर्षं, अनुभव, मग शहर." त्या पोराचा हिशेब आजही बिनचूक आहे, मला त्यात एक चूक काढता येत नाही. फक्त शहरात मला कुणी "विकू की थांबू" विचारणार नाही, हे त्यानं धरलं नव्हतं. आणि कुणी विचारू नये हेच बरं, असंही मी स्वतःला सांगत असतो.

भाऊ हल्ली त्या विषयावर बोलत नाही. मी गेलो की पिशवीभर तूरडाळ बांधून देतो.

म्हाताऱ्यांची जमीन आता एक तरुण भाडेपट्ट्यानं करतो. ऑगस्टात ट्रक घेऊन आला, काट्यावर उभा राहून म्हणाला, "काय रे, भारत काय करणार यंदा?" मी म्हणालो, "माहीत नाही." तो हसला. म्हणाला, "मग तू इथं कशाला आहेस?"

मी नमुना काढला. ओलावा जास्त निघाला, ट्रक परत पाठवला.