मागणीपत्राशिवाय आलेली औषधे

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतील मंडळाच्या मुलांनी युद्धग्रस्त भागातील रुग्णालयांसाठी घरोघर फिरून औषधे गोळा केली आणि अकरा खोकी माझ्या ओसरीवर आणून ठेवली. "काका, तुमचा जन्म औषधांत गेला, तेवढे निवडून द्या," असे त्यांचे म्हणणे होते. औसा तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी औषध निर्माण अधिकारी होतो. पहिले खोके उघडले आणि मला किल्लारीच्या भूकंपानंतरचे दिवस आठवले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपलेली असताना, भूकंप झाला. त्यानंतर मदतीचा जो ओघ सुरू झाला त्याचे ऋण मी कधीच विसरणार नाही. परंतु आमच्या व्हरांड्यात येऊन पडलेल्या औषधांचे काय करावे हे मात्र कोणालाच उमगत नव्हते. स्ट्रिपमधून चार-चार गोळ्या कापून दिलेल्या होत्या आणि मुदतीची तारीख नेमकी कापून गेलेल्या कोपऱ्यावर छापलेली होती. एका डबीवरचे सगळे अक्षर परक्या लिपीतले होते, त्यामुळे आतल्या पांढऱ्या गोळ्या जंतुसंसर्गावरच्या की रक्तदाबावरच्या, हे सांगता येईना. आम्हाला हवे होते प्लास्टर, टाक्यांचा दोरा, सलाईन आणि धनुर्वाताची इंजेक्शने. बाहेर ड्रेसिंगसाठी रांग लागलेली असताना आम्ही दोघे जण तीन दिवस ती खोकी निवडत बसलो होतो, याची खंत मला आजही वाटते.

युद्धात हेच फार मोठ्या प्रमाणावर घडते. १९९२ ते १९९६ या काळात युरोपातील बोस्निया या देशात आलेल्या औषधांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे १७,००० टन औषधे निरुपयोगी होती, असा अंदाज पुढे अभ्यासकांनी मांडला. १९९५ साली शांतता करार झाला तेव्हा रुग्णालये दुरुस्त करायची होती, परिचारिकांना पगार द्यायचे होते, आणि त्याच वेळी कोठारे मात्र कोणाच्याही कामी न येणाऱ्या गोळ्यांनी भरलेली होती. असा साठा उकिरड्यावर टाकता येत नाही, कारण तो पाण्यात उतरतो किंवा वेचून पुन्हा बाजारात येतो. आणि साध्या आगीत जाळला तर विषारी धूर होतो. म्हणून तो अतिशय उच्च तापमानाच्या भट्टीत जाळावा लागतो, किंवा पिंपात भरून वर सिमेंट आणि चुन्याचे मिश्रण ओतून पिंप पुरावे लागते. दान म्हणून आलेल्या वस्तूला पुरण्याचा खर्च युद्धाने खंगलेल्या देशाने करायचा, यापेक्षा मोठा अन्याय कोणता असेल?

जागतिक आरोग्य संघटनेने इतर संस्थांसह १९९६ मध्ये औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. घेणाऱ्याने मागितलेलेच पाठवावे, पोहोचताना सर्वसाधारणपणे किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, लेबल तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना वाचता येईल अशा भाषेत असावे, रुग्णांनी परत केलेली औषधे किंवा सॅम्पल पाठवू नयेत, असे त्यांत सांगितले आहे. साठा नोंदवही सांभाळणाऱ्या कोणालाही हे नवे वाटणार नाही. आम्हीसुद्धा मागणीपत्राशिवाय एक बाटली हलवत नव्हतो.

नेमके ते पाठवले तर थोड्या औषधांतही किती काम होते, हेही पाहण्यासारखे आहे. आपत्तीसाठी तयार केलेला आंतरराष्ट्रीय आरोग्य संच दहा हजार लोकांना सुमारे तीन महिने पुरेल अशा हिशेबाने बांधलेला असतो. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धातून जीव वाचवून पश्चिम बंगालमधील बनगावच्या छावणीत आलेल्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी नातेवाइकांच्याच हातून रुग्णांना पाजले, आणि सुमारे तीस टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. दुष्काळात टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या आमच्या गावांत मी ज्या जलसंजीवनीच्या पुड्या वाटल्या, त्यांच्यामागे त्या छावणीतला अनुभव आहे.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती गोळीबार थांबल्यानंतरच्या दिवसांची. इमारतीला देणगीदार मिळतो. पण क्षयरोगाच्या रुग्णाला महिनोन्‌महिने खंड न पडता औषध देणारा माणूस, इन्सुलिन आणि लसी दोन ते आठ अंश तापमानात ठेवणारा फ्रीज, त्याला लागणारी वीज, आणि पुढच्या तिमाहीला काय लागेल हे लिहून ठेवणारी वही, यांच्यावर कोणाच्या नावाची पाटी लागत नाही. क्षयरोगाचा उपचार मध्येच तुटला तर औषधाला दाद न देणारा आजार उभा राहतो, आणि तो बरा करणे कितीतरी कठीण असते.

मुलांना मी हे सगळे सांगितले. ती हिरमुसली, पण उठून गेली नाहीत. आम्ही अंधार पडेपर्यंत बसून अकराही खोकी पाहिली आणि पाठवण्याजोगे एकही औषध त्यांत निघाले नाही. आता ती मुले त्याच घरांतून पैसे गोळा करत आहेत, आणि तिथे प्रत्यक्ष काम करणाऱ्या संस्थेला ते कोणत्याही अटीशिवाय द्यायचे, असे त्यांनी ठरवले आहे. खोकी अजून ओसरीवरच आहेत. जैववैद्यकीय कचरा नेणाऱ्या गाडीशी बोलणे झाले आहे, आणि तोपर्यंत त्यांच्यावर मी लाल शाईने ‘वापरू नये’ असे लिहून ठेवले आहे.