नारिंगी ठिपके भाग ३: बंपरनं चोर पकडून दिला

मंडळी, माझ्या पांढऱ्या गाडीच्या रंगावर गंजागत उठणारे ते नारिंगी ठिपके एकदाचे हलले! सगळे नाही, बोनेट आणि ड्रायव्हर साइडचे दोन दरवाजे झालेत, छत अजून तसंच आहे. पण कारण सापडलं. आणि गेले चार महिने मी गाडी घासघासून जीव काढला, तो सगळा उफराटा धंदा होता हे पण कळलं.

आधी हेडलाइटचं उरकतो, कारण दोघातिघांनी विचारलंय. पिवळ्या पडलेल्या हेडलाइटवर १०००, २०००, ३००० नंबरचे पॉलिश पेपर पाणी मारत मारत, मग कंपाऊंड (घासून चमक आणायची पेस्ट), वरनं यूव्ही कोट, म्हणजे उन्हापासून वाचवणारा थर. अख्खा पावसाळा गेला, अजून लख्ख आहे. हेडलाइटला टूथपेस्ट घासा म्हणणाऱ्यांनी आता तरी गप्प बसावं. टूथपेस्टनं चमक येते ओ, नाही कोण म्हणतंय, पण वरचा यूव्हीचा थर गेलेला असतो तो पेस्ट लावून परत येत नाही, थोड्या दिवसांत पुन्हा पिवळं.

आता मुख्य प्रकरण. मागच्या वेळी मी छाती फुगवून सांगितलेलं की क्ले बार (रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारा मातीसारखा गोळा) फिरवला, हाताला प्लास्टिकची पिशवी घालून बोनेटवर बोटं फिरवली तर काचेसारखं गुळगुळीत, विषय संपला. विषय कुठला संपतोय. आठ दिवस पाऊस लागला आणि ठिपके परत, ते पण त्याच जागी. मला माहीत आहे कारण मी मास्किंग टेपच्या चौकटी करून फोटो काढून ठेवलेले. मोहरीपेक्षा बारीक, मधे काळा टिंब आणि भोवती नारिंगी कडं.

आमच्या बेळगावच्या खानापूर रोडच्या तांबड्या मातीवर संशय होता तो कधीच गेला, माती पाण्यानं निघते. मग वाटलं घर तिसऱ्या गेटजवळ, रेल्वेच्या ब्रेकची पूड उडत असेल. एका गॅरेजवाल्याला दाखवली तर त्यानं लांबनंच बघून सांगितलं, आतनं पत्राच गंजालाय, बोनेट आणि छत टिंकरिंग करून, लांबी (पुट्टी) भरून, नवीन पेंट मारावा लागतोय. आकडा ऐकून मी चहा न पिताच उठलो. २०१४ ची वॅगन-आर, एवढ्यात पत्रा गंजायला काय झालं?

आणि मग मागच्या रविवारी मागचा बंपर पुसताना तिथं पण तसलेच ठिपके दिसले. दोन मिनिटं मी फडकं हातात धरून नुसता उभा. बंपर प्लास्टिकचा आहे की! प्लास्टिक कुठनं गंजणार? म्हणजे पत्रा ठीक आहे, लोखंड बाहेरनं येऊन बसतंय.

बाहेरनं म्हणजे कुठनं, तर मी रोज आठ-नऊ तास गाडी लावतो तिथनं. उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात, आमच्या शॉपच्या बाजूला एक शेड आहे, तिथं दिवसभर कास्टिंगचं फेटलिंग चालतं, म्हणजे ओतलेल्या लोखंडाच्या कडा घासून साफ करायचं काम, ग्राइंडरच्या ठिणग्या. ठिणगी म्हणजे तापलेला लोखंडाचा कण, तो रंगावर चिकटून बसतो आणि पाणी लागलं की गंजतो. खात्री करायला जुन्या स्पीकरचं मॅग्नेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून वायपरखालच्या धुळीवर फिरवलं. पिशवीला ही काळी मिशी फुटली! घरच्या गच्चीवरच्या धुळीत तसंच फिरवलं तर चार केस पण नाहीत. रेल्वे निर्दोष सुटली. माझ्या पोटापाण्याच्या जागेनंच माझी गाडी खाल्ली म्हणायची.

क्ले बार का हरला ते पण मग डोक्यात आलं. क्ले वरचं डोकं कापतो, हाताला गुळगुळीत लागतं, पण रुतलेलं मूळ आतच राहतं आणि पहिल्या पावसात परत गंजतं. तणाचा शेंडा खुडल्यागत.

म्हणून बोनेटचे टेपनं चार भाग केले. एक तसाच. दुसऱ्यावर लिंबूसत्वाचं पाणी, ही आयडिया आईची, ती म्हणाली पितळेला चिंच लावत्यात, तुझ्या गाडीला का नको. तिसऱ्यावर आयर्न रिमूव्हर (रंगात रुतलेलं लोखंड विरघळवणारं केमिकल), चौथ्यावर आयर्न रिमूव्हर आणि मग क्ले. आईचा भाग अगदीच वाया गेला नाही बरं का, नारिंगी कडं गेलं, पण काळा टिंब जागचा हलला नाही.

आयर्न रिमूव्हरची मजा मात्र बघण्यासारखी. पत्रा थंड पाहिजे, गाडी सावलीत पाहिजे, हातात ग्लोव्हज. फवारलं, पहिलं एक मिनिट काहीच नाही, मी मनात दुकानदाराला शिव्या घालायला सुरुवात केलेली. मग एकेका ठिपक्याच्या भोवती जांभळं व्हायला लागलं, आणि बघता बघता जांभळं पिळल्यागत ओघळ बंपरपर्यंत. भाचा शेजारी उभा होता, म्हणाला, “मामा, गाडी रडालीय बघ.” वास मात्र सडक्या अंड्याचा, आईनं खिडक्या लावून घेतल्या. चार मिनिटांत भरपूर पाण्यानं धुतलं, केमिकल गाडीवर सुकू द्यायचं नाही. तिसऱ्या भागात थोडे हट्टी राहिले, चौथा भाग साफ. म्हणजे आधी केमिकल, मग क्ले. मी चार महिने उलटं करत होतो.

धुण्याच्या पाण्याबद्दल एक. बोअरचं पाणी वाळलं की पांढरे डाग सोडतं, म्हणून शेवटचा हात नळाला येणाऱ्या राकसकोप धरणाच्या पाण्याचा, आणि लगेच मायक्रोफायबरनं टिपायचं.

पॉलिशिंग मशीन मागवणार होतो ते आता पुढं ढकललंय. रंगाचा वरचा थर पन्नास मायक्रॉनच्या आसपास, आत लोखंड असताना त्यावर पॅड फिरवलं तर तेच कण सगळीकडं ओरखडे काढणार. त्याऐवजी सीलंट (रंगावर बसणारा संरक्षक थर) मारून कव्हर घालायचं असं ठरवलेलं... पण लिहिता लिहिताच डोक्यात आलं, धुळीवर कव्हर ओढलं तर ते पण पॉलिश पेपरच की. आणि पावसाळ्यात वारा पश्चिमेकडनं, शेड आमच्या पार्किंगच्या पश्चिमेला. म्हणजे गाडी शेडच्या पलीकडं लावली की निम्मं काम फुकटात! दिवाळीनंतर वारा फिरला की परत अलीकडं. कव्हर रद्द. उद्या वॉचमनला विचारतो, तिथं एकाची टू-व्हीलर असते, त्याला आमच्या जागेत सरकवायला लागेल.

खंडेनवमीच्या आत छत उरकून सीलंट लागायला पाहिजे, कारण त्या दिवशी वडील बोनेटवर हळदीचा पट्टा ओढणारच, आणि पांढऱ्या रंगावर हळद म्हणजे वेगळंच प्रकरण. बिन-सीलंटच्या रंगावर तर नकोच. अर्ध्या लिटरची बाटली बोनेट आणि दोन दरवाज्यांतच संपली, छताला अजून एक लागणार. इथल्या ॲक्सेसरीच्या दुकानात विचारलं तर टेफ्लॉन कोटिंग करून घ्या म्हणून मागं लागला, गंजावर कोटिंग, शाबास. ऑनलाइन मागवलीय, गुरुवारी येते म्हणतात. पाच लिटरचा कॅन कोणी वाटून घेणार असेल तर सांगा, उद्यमबागेत गाडी लावणारे बरेच निघतील. मॅग्नेट फिरवून बघा आधी.