फेरिटिन ५८

आमच्या विभागातल्या उणे ८० च्या फ्रीजरमध्ये तिचा सिरम, म्हणजे रक्त साकळल्यावर वर राहणारं पाणी, अजून पडून आहे. व्हायलवर नाव नाही, नुसता क्रमांक : ४७.

जव्हारजवळच्या एका आश्रमशाळेत डिसेंबरात आम्ही मुलींचं रक्त घेतलं. विषय रक्तक्षयाचा. बाहेरच्यांना वाटतं रक्त काढणं अवघड. ते आमच्यासोबतच्या ताई चुटकीसरशी करतात. अवघड आहे ते त्यानंतरचं. नळी अर्धा तास हात न लावता उभी ठेवायची, रक्त नीट साकळू द्यायचं, मग सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळ्या गरगर फिरवून सिरम वेगळा करणारं यंत्र. आमचं यंत्र व्हरांड्यातल्या फरशीवर, वीज इन्व्हर्टरची. वर येणारा सिरम गवती चहासारखा पिवळा हवा. गुलाबी झाक दिसली की तांबड्या पेशी फुटल्या, नमुना बाद. त्या दिवशी ६२ पैकी एकच गुलाबी निघाला. हे मी कुणी न विचारता सांगते.

४७ नंबरची मुलगी ११ वर्षांची. हिमोग्लोबिन ८.१. ते तिथल्या तिथे कळवलं आणि आरोग्य केंद्रातून तिला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या.

फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज. ते रंगावरून मोजायच्या चाचणीची, एलायझाची, प्लेट ९६ घरांची, किट महाग, त्यामुळे प्लेट भरेपर्यंत थांबायचं. जानेवारीत तिचं फेरिटिन आलं ५८. निरोगी मुलीत १५ च्या खाली गेलं तर कमतरता. म्हणून पालकांना जायच्या छापील पत्रात मी तिच्यापुढे टिक केली : ‘लोहाचा साठा पुरेसा’.

सीआरपी म्हणजे अंगात संसर्ग किंवा दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन. त्याची प्लेट लागली मार्चमध्ये, कारण निधीचा दुसरा हप्ता तेव्हा आला. संशोधनाचं वेळापत्रक हिशेब खातं ठरवतं, हे पीएचडीला नाव घालताना कुणी सांगत नाही. रंग आणणारं द्रावण घातलं की घरं हळूहळू निळी होत जातात. ४७ ची दोन्ही घरं मी पिपेट खाली ठेवेपर्यंत शाईसारखी झाली होती. वाचन मोजता येण्याच्या पार वर गेलं. सिरम आणखी पातळ करून पुन्हा लावला. लिटरला ४१ मिलिग्रॅम. आमची मर्यादा ५.

अंगात जंतुसंसर्ग असला की शरीर लोह जंतूंच्या हाती लागू नये म्हणून कोठारात कोंडून ठेवतं आणि फेरिटिन फुगतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात म्हणूनच अशा वेळी पाच वर्षांवरच्या मुलांसाठी सीमा ७० धरली आहे. ५८ म्हणजे कमतरताच. हे मला पाठ होतं, परीक्षेत मी लिहिलंही होतं.

ताईंना फोन केला. कळलं ते असं : पत्र वाचून वसतिगृहाच्या अधीक्षिकांनी गोळ्या बंद केल्या होत्या. त्यांना काय बोलणार? साठा पुरेसा आहे असं विद्यापीठाच्या शिक्क्यासकट लिहून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरून गेले. मुलगी आजीकडे होती, आईबाप वीटभट्टीवर. मानेच्या उजव्या बाजूला सुपारीएवढी गाठ. डिसेंबरातही असणार. वजन, उंची, दंडाचा घेर, सगळं आम्ही मोजलं होतं. थंडी होती, तिने मफलर गुंडाळला होता. तो काढ म्हणायचं कुणाला सुचलं नाही, फॉर्मवर मानेचा रकाना नव्हता. सुईने पाणी काढलं, सीबीनॅट या जंतूंच्या जनुकीय तपासणीत क्षयरोग निघाला. औषधं लगेच सुरू झाली. क्षयरुग्णांना पोषणासाठी मिळणारे सरकारच्या निक्षय योजनेचे महिन्याचे १००० रुपये कुणाच्या खात्यात घालायचे, यावर मात्र दोन आठवडे गेले.

गोळ्या बंद झाल्याने तिचं नुकसान किती झालं, हे मला ठरवता येत नाही. संसर्ग असताना हेप्सिडिन हे लोह अडवणारं संप्रेरक वाढतं आणि आतडं लोह फारसं घेत नाही, गोळी बरीचशी वाया जाते. झांझिबारजवळच्या पेंबा बेटावर तर मलेरियाच्या भागात सरसकट लोह दिलेल्या मुलांमध्ये गंभीर आजार आणि मृत्यू वाढले होते, २००६ चा अभ्यास आहे तो. माझ्या गाइडनी हाच मुद्दा काढला आणि मला धीर दिला. मग पुढच्याच वाक्याला म्हणाले, सीआरपी ५ च्या वरचे नमुने विश्लेषणातून वगळू, आकडे स्वच्छ राहतील. असे नमुने नऊ आहेत. बाकीच्या आठ जणींच्या माना बघायला ताई आणि मी येत्या गुरुवारी जातोय, प्रवासखर्च कुठल्या खात्यात टाकायचा ते नंतर बघू.

जुनं पत्र मी आजीकडे परत मागितलं. रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. चुकीचं आहे, हे नवीन घ्या, म्हटलं. तिने नवीन घेतलं, घडी करून त्याच पिशवीत सरकवलं. जुनं दिलं नाही.

“याच्यावर चांगला लिवलाय ना? मग ऱ्हाऊ दे.”