थकलेला पगार

"ऐतिहासिक सिनेमा बघून आलात की तुमचं तोंड वाकडं का असतं हो?" आमच्या कट्ट्यावर हा प्रश्न ठरलेला. परवा कॉलेज रोडला चहा पिताना पुन्हा निघाला. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

त्या सिनेमातला गोरा साहेब तोडकंमोडकं हिंदी बोलतो, चाबूक उगारतो आणि शेवटी मरतो. नायकाला मात्र पहिल्या प्रसंगापासूनच ठाऊक असतं की आपला पुतळा होणार आहे. मशाली, धूर, ढोल. चालू द्या.

मला हवा तो सिनेमा नाशिकहून पुण्याला निघालं की सिन्नरच्या पुढे लागतो, नांदूर शिंगोट्याला. भागोजी नाईक. जातीने भिल्ल, आणि आधी अहमदनगरच्या पोलिसांतला अंमलदार, म्हणजे सरकारचाच माणूस. 1855 साली पोलिसांना अडथळा केला म्हणून शिक्षा झाली. वर नीट वागण्याचा वर्षभराचा जामीन मागितला. हा जाच कागदावरचा. त्याला चाबकासारखा आवाज नाही, म्हणून पडद्यावर येत नाही. 1857 मध्ये 50 एक माणसं घेऊन तो पुणे-नाशिक रस्ता टप्प्यात येईल अशी जागा धरून बसला. शरण ये म्हणून समजवायला मामलेदार गेले. भागोजी म्हणाला, दोन वर्षांचा पगार द्या आणि माझ्या पोटापाण्याचं बघा, नाहीतर येत नाही.

हा प्रसंग कुणीही पटकथेतून आधी कापेल. पगार मागणारा वीर? लोक हसतील! मला नाही वाटत. सातपूरच्या एका कारखान्यात मी पाच महिने पगाराविना काढलेत. रोज हजेरी लावायची आणि 'पुढच्या सोमवारी' ऐकून घरी यायचं. किराणावाल्याच्या दुकानावरून जायला नको म्हणून मी लांबून फिरून यायचो. हा प्रसंग लागला तर निम्मं थिएटर गप्प होईल.

4 ऑक्टोबर 1857 ला पोलीस चालून गेले. त्यांचा अधिकारी हेन्री जखमी होऊनही पुढे सरकत राहिला आणि मग छातीत गोळी लागून पडला. भित्रा नव्हता. हेही दाखवा की! भित्र्याला मारण्यात कसला पराक्रम?

पुढे भागोजी दोन वर्षं हाती लागला नाही. नोव्हेंबर 1859 मध्ये सूटर नावाच्या अधिकाऱ्याच्या तुकडीने त्याला मिठसागऱ्यात गाठून मारलं. तेही सिन्नर तालुक्यातच. तोवर थकबाकी चार वर्षांची झाली होती.